चारी दिशांचे पाहुणे

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्या घ्यायला आलेली बाई आधी त्याला टिचकी मारते. डाव्या तळव्यावर तो तोलायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्याच्या पोटावर टिचकी द्यायची आणि मान जरा कलती करून नाद संपेपर्यंत थांबायचं. कुठे बारीकशी चीर असली, डाख नीट बसलेला नसला, तर आवाज चिरका येतो. भांडं निर्दोष असलं तर नाद लांबवर जातो. तेवढा वेळ दुकानदारही बोलत नाही. मग तांब्या काट्यावर चढतो, कारण इथे तांब्या-पितळेचा भाव नगावर नसतो, वजनावर असतो. पिशवीतून आणलेलं जुनं भांडं मोडीत द्यायचं असेल तर त्याचं वजन वेगळं आणि दरही वेगळा. दोन्ही आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर एकाखाली एक येतात, वजाबाकी होते आणि मग खरी घासाघीस सुरू होते.

आमच्याकडे पाहुणे आले की नाशिक दाखवायचा एक ठरलेला क्रम होता. सकाळी आंघोळी आटोपून गंगेवर जायचं. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात, त्यामुळे आमच्या लहानपणी गंगेवर जाणं हे दूध आणायला जाण्याइतकं रोजचं होतं. रामकुंडावर पाय भिजवायचे, काळारामाचं दर्शन घ्यायचं, सीतागुंफेत वाकून उतरायचं, कपालेश्वराच्या पायऱ्या चढायच्या. तिथे समोर नंदी नाही, हे प्रत्येक पाहुण्याला सांगायचं आणि त्याने प्रत्येक वेळी आश्चर्य करायचं. ऊन डोक्यावर येण्याच्या आत पूल ओलांडून अलीकडे यायचं. मग सरकारवाड्याची लाकडी महिरप बाहेरून बघायची आणि सराफ बाजारातून भांडी बाजारात शिरायचं. जळगावची आत्या तर आल्या दिवसापासून विचारत असे, "काय गं, दर्शन झालं की भांडी बाजारात नेशील ना?" तिच्या आवाजात दोन्हींना सारखंच वजन असे. देव बघणं आणि परात घेणं यांत तिला काही अंतर वाटत नसे. आम्हालाही कधी ते विचित्र वाटलं नाही.

पुढे वाचनात असं बरंच आलं की, बाजार म्हणजे तीर्थाला लागलेलं काहीतरी बाहेरचं आहे. शांत देवळाभोवती गलबला, पवित्र घाटावर हातगाड्या. गलबला असतोच, पण पंचवटीत कुठे देऊळ संपलं आणि कुठे दुकान सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. देवळाच्या ओवरीतच कुंकवाच्या राशी असतात. तुळशीमाळा विकणारा माणूस भाव सांगता सांगता आरतीच्या वेळा सांगतो. दर बुधवारी नदीकाठी बाजार भरतो, तेव्हा घाटाच्या पायऱ्यांच्या अंगाला टोपल्या, सुपं, मिरच्या, लोखंडी पळ्या, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या रानभाज्या असं सगळं मांडलेलं असतं. पिंडदानाहून परतणारा माणूस त्याच वाटेने जातो आणि जाताना घरासाठी लसूण घेतो. हे बघून मला कधी विटाळल्यासारखं झालं नाही. उलट वाटत आलं की, दुःख घेऊन आलेल्या माणसाला परत संसारात नेणारी ही वाट कुणीतरी फार विचाराने आखली असावी.

भांडी बाजारात खरेदी झाली की शेवटचं एक काम उरायचं, ते म्हणजे नाव घालण्याचं. दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस भांडं मांडीत धरून विचारायचा, "काय लिहायचं?" आणि एवढा वेळ घासाघीस करणारी आत्या एकदम गंभीर व्हायची. मजकूर मनातल्या मनात जुळवायची. कुणाला, कुणाकडून, कशाप्रीत्यर्थ, तारीख. तो आधी काठाखाली बोटाने जागा मोजायचा, म्हणजे शेवटची अक्षरं दाटीवाटीने बसू नयेत. मग छोटी छिन्नी आणि हलकी हातोडी घेऊन ठिपका ठिपका जोडत जायचा. अक्षर रेषेचं नसायचं, ठिपक्यांचंच असायचं. जोडाक्षर आलं की त्याचा हात मंदावायचा. भांड्याची गोलाई तो डाव्या गुडघ्याने फिरवत न्यायचा आणि नजर मात्र छिन्नीच्या टोकावरून हलू द्यायचा नाही. शेवटी अंगठ्याने कीस पुसायचा आणि भांडं उजेडाकडे तिरपं धरून दाखवायचा. आता विजेवर चालणारी लेखणीसारखी मशीन आली आहे. ती गुणगुणत जाते आणि नाव मिनिटभरात घालून होतं. अक्षरं आता सलग आणि गोलसर येतात. विचारण्याची रीत मात्र अजून तीच आहे.

अशी नाव घातलेली भांडी मराठी घरांच्या फळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या असतात. आमच्या घरात एक पितळी डबा होता. त्यावर ज्या मुलीचं नाव होतं ती माझी पणजी. आम्ही कुणी तिला पाहिलेलं नव्हतं, तिचा फोटो नव्हता, तिच्याविषयी गोष्टीही फारशा उरल्या नव्हत्या. पण तिला हा डबा तिच्या मामाने दिला एवढं मात्र पक्कं माहीत होतं, कारण ते पितळेवर होतं. शहरं बघायला जाणाऱ्या माणसांनी तिथून काय आणावं, असा विचार मनात आला की मला तो डबा आठवतो. त्यावर नाशिकचं नाव कुठेही नाही. नाशिकच्या बाजाराने आपली जागा मोकळी सोडली आणि तिथे घेणाऱ्याचं नातं लिहून दिलं.

नाशिक येणाऱ्याकडूनही नाव लिहून घेतं. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या असतात. लांबट, कापडी बांधणीच्या, काही मोडी लिपीत लिहिलेल्या. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की योग्य ती वही निघते आणि तिच्यात कुठेतरी आपला आजा किंवा पणजा सापडतो. कधी आला होता, बरोबर कोण होतं, कशासाठी आला होता, हे सगळं तिथे असतं. मग गुरुजी आपल्यालाही लिहायला सांगतात. अशा एका वहीवर वाकलेला एक पाहुणा मी जवळून पाहिलेला आहे. वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता. आजोबांची सही बघितल्यावर त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि मग आपल्या मुलांची नावं इतक्या काळजीपूर्वक लिहिली की काना-मात्रा चुकू नये म्हणून प्रत्येक अक्षराशी थांबत होता. त्या दिवशी तोसुद्धा भांडी बाजारात आला. ताम्हण घेतलं आणि त्यावर वडिलांचं नाव घालून घेतलं.

दिलेल्या वस्तूवर नाव घालण्याची ही हौस नाशिकमध्ये किती जुनी आहे, ते बघायचं तर गावाबाहेर मुंबईच्या रस्त्याला लागून पांडवलेणी चढायला हवीत. त्रिरश्मी डोंगराच्या कुशीत चोवीस लेणी आहेत. बहुतेक पाहुणे बुद्धमूर्ती बघतात, खालच्या धुक्यातल्या शहराचे फोटो काढतात आणि उतरतात. मला मात्र तिथले लेख फार जवळचे वाटतात. कारण ते सगळे देण्याघेण्याचे आहेत. अठरा क्रमांकाच्या चैत्यावर नाशिकच्या लोकांच्या दानाची नोंद आहे. शहराचं नाव दगडावर येतं ते असं, काहीतरी देताना.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने लेणं तर दिलंच, पण त्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या कपड्यांची सोयही केली. ती कशी केली, ते वाचताना मला दर वेळी भांडी बाजारातल्या चिटोऱ्यावरची आकडेमोड दिसते. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघटनांकडे, ३००० कार्षापण नाणी ठेवली. गोवर्धन म्हणजे नाशिकला लागूनचंच गाव, गंगापूर रस्त्याने गेलं की आजही लागतं. त्यातले २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० चं व्याज महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणारे भिक्षू २०. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चीवरासाठी १२ कार्षापण. हिशेब पै-पैशाने जुळतो. १९०० वर्षांपूर्वी कुणीतरी हे गणित मांडलं, निगमसभेत सगळ्यांसमोर ऐकवलं, पाटीवर नोंदवलं आणि मग पाथरवटाकडून कोरून घेतलं.

हे दान होतं चातुर्दिश संघासाठी. चारी दिशांनी येणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात कुठून कुठून चालत आलेला भिक्षू या डोंगरात तीन महिने थांबायचा आणि त्याच्या अंगावरचं वस्त्र खाली गावात चाललेल्या मागांच्या कमाईतून यायचं. त्या विणकरांनी ते २००० कार्षापण आपल्या धंद्यात गुंतवले असतील. सूत घेतलं असेल, माग वाढवले असतील, बाजारात कापड विकलं असेल आणि त्या विक्रीतून दर महिन्याला २० बाजूला काढले असतील. गावातली एखादी बाई लुगडं घ्यायला आली आणि तिने चांगली घासाघीस करून ते घेतलं, तरी तिच्या त्या खरेदीतला एक धागा डोंगरावरच्या अनोळखी पाहुण्यापर्यंत पोचत होता. देवळाजवळ दुकान असणं याचा इतका सुंदर अर्थ मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही.

तिथेच आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेचा. तिने कुंभारांच्या, पाण्याची यंत्रं बनवणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले, आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. म्हणजे या गावात घडे घडवणारे होते, पाणी उपसायची साधनं करणारे होते, घाणे फिरत होते आणि त्यांच्या शब्दावर एक बाई आपली ठेव सोपवत होती. राजांच्या प्रशस्त्यांपेक्षा मला या यादीत जुनं नाशिक जास्त दिसतं. उषवदाताची बायको दक्षमित्रा हिनेही एक खोली दिली आणि त्या खोलीच्या दारावर तिचं नाव आहे. पितळी डब्यावरच्या माझ्या पणजीच्या नावासारखंच, नेमकं आणि थोडक्यात.

नहपानाचं राज्य सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने संपवलं. त्याची कथा या डोंगरावर तिसऱ्या लेण्यात त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, मोठ्या अभिमानाने कोरून ठेवली आहे. पण तीच गोष्ट बाजाराने आपल्या पद्धतीने सांगितलेली आहे. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं आणि त्यावर सातवाहनांचं चिन्ह. नाणी वितळवत बसण्याइतकी उसंत कुणाला होती? बाजार उद्या सकाळी उघडायचा होता. तेच नाणं नव्या शिक्क्याने फिरू लागलं आणि तेल, घडे, कापड यांची देवघेव पुढे चालू राहिली. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, आणि पुढे मराठ्यांच्या काळातही इथल्या टांकसाळीच्या रुपयावर ते नाव येत राहिलं. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. दूरवरून येणाऱ्या यात्रेकरूच्या बटव्यातली एखादी तरी नोट इथूनच निघून, सगळा देश फिरून, भांडी बाजारातल्या गल्ल्यात परत येत असेल.

पाहुण्यांच्या कौतुकाची ही गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धी राहील. काळारामाचं काळ्या पाषाणातलं भव्य मंदिर सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलं. देशभरातून माणसं त्याच्या दर्शनाला येत. आणि त्याच मंदिराचं दार गावात राहणाऱ्या, गावाची कामं करणाऱ्या अस्पृश्य माणसांना मात्र बंद होतं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. माणसांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, पण दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यातल्या येवल्यात, बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. मी पाहुण्यांना मंदिर दाखवताना ही गोष्टही सांगते. काहींना दर्शनाच्या वेळी ती नको वाटते. पण ज्या शहराने चारी दिशांच्या पाहुण्यांना वस्त्र पुरवल्याचं दगडावर लिहून ठेवलं, त्याच शहराने आपल्याच माणसांना देव बघू दिला नाही, हेही त्या शहराचं खरं दर्शन आहे. आणि बाबासाहेबांच्या अनुयायांनी पुढे जो धम्म स्वीकारला, त्याचीच लेणी गावाच्या वेशीवरच्या त्या डोंगरात एवढी शतकं उभी होती, या योगायोगाशी मी पायऱ्यांवर नेहमी थांबते.

रामकुंडाजवळच नारोशंकराचं मंदिर आहे. १७४७ मध्ये सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. त्याच्या तटावरच्या मेघडंबरीत एक प्रचंड घंटा आहे. पोर्तुगीज घडणीची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण, असं नाशिकमध्ये सांगतात. पाहुण्यांची मुलं तिच्याकडे बघतच राहतात. गंगेला पूर आला की नाशिककर दोन ठिकाणं बघतात, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं आणि ते नारोशंकराच्या घंटेकडे किती चढलं. १९६९ च्या महापुराच्या आठवणी सांगणारी माणसं अजून बोट दाखवून ती पातळी सांगतात. युरोपातल्या एखाद्या गिरजाघरासाठी ओतल्यासारखी घंटा आमच्या नदीच्या पाण्याचं माप झाली. वस्तू आणणाऱ्याचा हेतू एक असतो आणि वस्तू राहते ते शहर तिला आपल्याला हवं ते काम देतं.

त्या घंटेमुळेच असेल, भाचीने लिस्बनला नोकरी लागल्यावर बोलावलं तेव्हा मी फार आनंदाने गेले. पोर्तुगालची ही राजधानी. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत तिचा मध्यभाग नाहीसा झाला. तिथला मंत्री मार्केस द पोंबाल याने तो नव्याने वसवला, सरळ आखलेल्या रस्त्यांचा. त्या भागाला बायशा म्हणतात. १७६० च्या हुकुमाने तिथले रस्ते धंदेवाल्यांना वाटून दिले गेले आणि तीच नावं अजून पाट्यांवर आहेत. सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, जोडे शिवणाऱ्यांचा, कापड विकणाऱ्यांचा. काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांच्या नक्षीवरून चालताना मला सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ, फुलबाजार, दहीपूल, बोहोरपट्टी अशी सगळी आपली नावं एकामागून एक आठवत होती. दोन शहरं एकमेकांना न विचारता एकाच रीतीने मांडलेली.

चांदीच्या रस्त्यावर मात्र चांदी फार थोडी दिसली. चुंबक, पिशव्या, पिवळ्या ट्रामची खेळणी आणि पितळी रंगाचे मनोरे दिसले. एका दुकानात सार्डिन माशांचे डबे भिंतभर लावलेले होते आणि प्रत्येक डब्यावर एकेक साल छापलेलं. आपल्या जन्माचं साल शोधायचं आणि तो डबा घ्यायचा. माणसं हौसेने शोधत होती. मीही माझं साल शोधलं आणि हातात धरून थोडा वेळ उभी राहिले. ते मी यायच्या आधीच तयार होतं. काय लिहायचं, असं मला कुणी विचारलं नव्हतं. त्या दुकानात लिस्बनचं माणूसही कुणी दिसत नव्हतं. आम्ही सगळे पाहुणेच एकमेकांना बघत होतो आणि शहर दाराबाहेरून निघून जात होतं.

ते शहर मला दुसऱ्या दिवशी भेटलं. शियादू भागात, लोरेतो रस्त्यावर, मेणबत्त्यांचं एक दुकान आहे. १७८९ पासूनचं. आत काळसर लाकडी फडताळं आणि मेणाचा दाट वास. एक म्हातारी बाई आली. तिने मेणबत्ती उचलली, बोटाच्या पेराने तिची जाडी चाचपली, नाकाशी नेली, परत ठेवली, दुसरी घेतली. विकणारी मुलगी शांतपणे थांबली. मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी सगळा संवाद कळला. पुढे मंगळवारी भाचीने सान्ता क्लाराच्या मैदानावर भरणाऱ्या जुन्या बाजारात नेलं. मंगळवारी आणि शनिवारी भरणारा हा बाजार फैरा दा लाद्रा नावाने प्रसिद्ध आहे. जमिनीवर चादरी पसरलेल्या, त्यांवर जुन्या घरांवरून उतरलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, किल्ल्या, काटे-चमचे, पुस्तकं. तिथे मी एक पांढरं सुती कापड घेतलं. त्याच्या कोपऱ्यात दोन अक्षरं भरलेली आहेत. लग्नात न्यायच्या कपड्यांवर मुलीच्या नावाची अक्षरं भरायची तिकडची जुनी रीत होती, असं विकणाऱ्या बाईंनी भाचीला सांगितलं. कुणाची अक्षरं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी ते कापड आणलं, देवघरातल्या चौरंगावर घातलं. त्या मुलीला कुणीतरी ते भरून दिलं असणार, त्याच्यासाठी रात्री जागवल्या असणार. मला लिस्बनमधल्या मोठ्या चौकांपेक्षा ती दोन अक्षरं जास्त आठवतात.

तेव्हापासून कुठलंही जुनं शहर बघताना मी एक गोष्ट बघते. इथली माणसं कुठे खरेदी करतात? जिथे ती करतात तिथे पाहुण्याला जागा असते, कारण दुकानाला आपलं काम माहीत असतं. त्याला पाहुण्यासाठी वेगळा चेहरा करावा लागत नाही. नाशिकला अजून ते सुख आहे. भांडी बाजार चालतो तो यात्रेकरूंच्या जोरावर जेवढा, तेवढाच लग्नसराईच्या. रुखवत, आहेर, मुंजीची भिक्षावळ, वास्तुशांत. सराफ बाजारात घरोघरचे लोक देवांचे टाक घडवायला आणि उजळायला येतात. धुळवडीला आपल्या घराण्याच्या वीरांचे टाक हातात घेऊन, वाजतगाजत रामकुंडावर आंघोळीला नेणारी कुटुंबं आहेत, तोवर ते टाक घडवणारे हातही राहतील. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत या बाजारांत पाणी शिरलं. दुकानदारांनी माल माळ्यावर चढवला, पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, भांडी घासूनपुसून पुन्हा मांडली. फक्त पाहुण्यांवर जगणारा बाजार इतक्या तातडीने उठला असता का, मला शंका आहे. त्याला उठवलं ते गावातल्या लग्नांच्या तारखांनी.

पण वारा बदलतो आहे, हेही दिसतं. ठोक्यांचा आवाज पूर्वी गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. तांबट भांड्याला मठार देत असायचे आणि एकसारख्या खळग्यांच्या ओळी तांब्यावर उमटत जायच्या. आता ते खळगे यंत्राने पाडलेले असतात आणि खोके परगावाहून येतात. रामकुंडाभोवती जी माळ, जी मूर्ती, जी चमकणारी गाडी विकायला आहे, तीच शिर्डीत आहे, तीच उज्जैनला. वाडे पडत आहेत. पडलेल्या वाड्यांतल्या लोकांनी गंगापूर रस्त्याकडे फ्लॅट घेतले आहेत आणि त्यांच्या मुली पितळेच्या भांड्यांकडे शोभेची वस्तू म्हणून बघतात. त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. घासायला, उजळायला, कल्हई करायला वेळ लागतो आणि तो पूर्वी कुणाच्या तरी मनगटातून आलेला असायचा.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. बारा वर्षांनी येणारा. रस्ते, पूल, घाट यांची कामं निघाली आहेत आणि रोजच्या बोलण्यात किती माणसं येतील याचेच अंदाज असतात. भाचीही येणार आहे, तिची दोन्ही मुलं घेऊन. मुलांचा जन्म तिकडचा. त्यांनी नाशिक नीट बघितलेलं नाही. तिने विचारलं आहे, काय काय दाखवशील, थोडक्यात लिहून पाठव, म्हणजे मुलांना आधी सांगता येईल. मी लिहायला घेतलं. पांडवलेणी लिहिली. काळाराम लिहिला, सत्याग्रहासकट. बुधवारचा बाजार, चिवडा, येवल्याला जाऊन पैठणीचा माग चालताना बघणं, हे सगळं लिहिलं. मग वाटलं की, मुलांना आधी एवढंच विचारावं, तुम्ही इथून कुणासाठी काय घेऊन जाल आणि त्यावर काय नाव घालाल? त्यांच्या शाळेतल्या मित्राचं नाव ती सांगतील, तिथल्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचं सांगतील. पायरीवरचा माणूस ते पोर्तुगीज नाव दोनदा विचारून घेईल, मनाशी म्हणून बघेल आणि देवनागरीत कसं बसवायचं ते ठरवेल. ते नाव तो कसं लिहील, याची मला आत्तापासूनच उत्सुकता आहे.